डाव्या दारावरचे फोड

१

आमच्या गाडीच्या डाव्या दाराला फोड आलेत हे सगळ्यात आधी माझ्या दिराला दिसलं. आणि ते पाहून त्याला बरं वाटलं, हे मला दिसलं.

"वहिनी, जरा इकडे या," तेत्सुया म्हणाला. त्याचा आवाज नको तितका गोड झाला होता.

गाडी हाताकेयामा उस्तादांच्या गॅरेजसमोर उन्हात उभी होती. शेंदरी रंगाची, दोन दारांची, माझ्या नवऱ्याने, योशिहारूंनी, लग्नाआधी घेतलेली. आमच्या नोशिरो गावात समुद्राचा वारा बारा महिने खारा, आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावरही मीठच टाकतात. इथे गाडी माणसाच्या आधी म्हातारी होते. योशिहारू गेले आणि गाडी शेडमध्ये डावी बाजू समुद्राकडे करून उभी राहिली. डावं दार म्हणजे माझ्या बसायच्या बाजूचं. त्याचा खालचा पत्रा इतका कुजला की बोट लावलं तर आरपार जाई.

ती गाडी मी उस्तादांकडे दिली तेव्हा ते म्हणाले होते की हे माझ्या हाताखालचं शेवटचं मोठं काम; यानंतर गॅरेज मी दुसऱ्याच्या हवाली करणार. उस्तादांना मूलबाळ नाही आणि त्यांचा उजवा हात आता थरथरतो. सगळ्या गावाने धरून चालवलं होतं की दार कामादा करणार. कामादा त्यांचा सगळ्यात जुना माणूस, केस पांढरे झालेला. उस्तादांनी दार दिलं चिनात्सुला. ही मुलगी सेंदाईहून आलेली, कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती.

चिनात्सुने कुजका भाग कापून काढला, नवा पत्रा वळवून जोडला आणि ठोकून ठोकून असा सपाट केला की खड्डे भरायच्या पुट्टीचा एक थरही लागला नाही. लोक मुद्दाम बघायला येत. आणि आता, बंदरावर जुन्या गाड्यांचा मेळावा तोंडावर आलेला असताना, त्याच दारावर तांदळाच्या दाण्याएवढे फोड उठले होते.

चिनात्सु धावत आली. तिने नखाने एक फोड दाबला. रंग फुटला आणि आतून तपकिरी पाणी आलं.

"रंगाच्या आधी मी नीट पुसलं होतं," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

तेत्सुयाने खांदे उडवले. पोरीसोरींच्या हाती जोखमीचं काम दिलं की असंच व्हायचं, असं काहीतरी तो पुटपुटला. शेजारचा मासळीवाला म्हणाला की काम वाईट नव्हतं, कुणाच्या तरी पोटात दुखलं असेल. तेव्हा सगळ्यांच्या नजरा कामादाकडे वळल्या.

कामादा फोडांकडे बघत होता. ते विखुरलेले नव्हते, रांगेने आले होते. शेजारी शेजारी चार रांगा, तिरप्या, आणि परत तशाच चार. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने आपली पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

२

गावात दोन तट पडले. एक म्हणे चिनात्सुला काम येत नाही, दुसरा म्हणे कामादाने मत्सरापोटी दारावर मीठ चोळलं. उस्ताद दोघांबद्दलही काही बोलेनात. विचारलं की फक्त मान हलवत.

मी तोकिएला बोलावलं. तोकिए नारिता माझी शाळेपासूनची मैत्रीण. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात तिचा जन्म गेला. जळालेली घरं, ठोकलेल्या गाड्या, बुडालेल्या होड्या बघून खोटं बोलणारा माणूस तिला वासावरून कळतो असं लोक म्हणत. ती म्हणते, वासाचं काही नसतं, लोक वस्तूंकडे बघतच नाहीत एवढंच.

तिने दाराकडे बघितलं मात्र, बराच वेळ. मग आतलं अस्तर काढायला लावलं आणि बॅटरी घेऊन दाराच्या पोकळीत डोकावली.

"आतून स्वच्छ आहे," ती म्हणाली. "गंज लागू नये म्हणून आत लावलेलं मेणसुद्धा जसंच्या तसं. आणि वरून रंगाला कुठे ओरखडा नाही. म्हणजे गंज आतून आलेला नाही, बाहेरूनही नाही. तो रंगाच्या खाली बसलाय. पत्रा उघडा असताना त्याला खारं काहीतरी लागलं, आणि त्यावर रंग चढला."

पत्रा उघडा कधी होता हे सगळ्यांना पाठ होतं, कारण तो कंदिलांच्या मिरवणुकीचा दिवस होता. त्या संध्याकाळी चिनात्सुने दार पूर्ण केलं, वर स्वच्छ कापड टाकलं आणि ती माझ्याबरोबर मिरवणूक बघायला आली. सकाळी तिने अस्तराचा, म्हणजे पहिल्या हाताचा, रंग मारला. जे झालं ते या मधल्या वेळात.

"गॅरेजमध्ये त्या संध्याकाळी कोण कोण होतं?" तोकिएने विचारलं.

मी मोजायला लागले. चिनात्सु होतीच. कामादा होता, तिच्याशी त्याची बाचाबाची झाली होती आणि कुलूप लावून सगळ्यात शेवटी तोच गेला. तेत्सुया दार बघायला म्हणून डोकावून गेला होता. उस्ताद पाठ दुखते म्हणून आधीच घरी गेले होते.

"आणखी?"

"आणखी कोणी नाही."

"तू कुठे होतीस?"

मी लोणच्यांचं दुकान चालवते. उन्हाळ्यात दिवसभर माझे हात वांग्यांच्या आणि काकड्यांच्या खाऱ्या पाण्यात असतात. त्या संध्याकाळी मी चिनात्सुसाठी खारवलेली वांगी घेऊन गेले होते, आणि कापड उचलून दाराला हात लावला होता. हे मी तोकिएला सांगितलं.

ती माझ्याकडे तशीच बघत राहिली, जशी दाराकडे बघत होती.

"दाखव तुझे हात," ती म्हणाली.

३

मला राग आला हे कबूल करते. मीच बोलावलेली बाई माझ्याच हातांकडे संशयाने बघतेय. पण तिने पुढे विचारलं त्याचा राग जास्त आला.

"चिनात्सुवर तुझा जीव आहे का, सेत्सुको?"

मी म्हटलं, आहे की. पोरगी गुणाची आहे.

"आणि?"

आणि काय सांगायचं. योशिहारूंची गाडी. त्यांनी मला कधी ती धुऊसुद्धा दिली नाही; तू ओरखडे पाडशील म्हणायचे. रविवारी ते तासन्‌तास तिच्याजवळ असत आणि मी खिडकीतून बघत बसायची. आता ही परकी मुलगी त्या गाडीचा सांधा न् सांधा ओळखत होती. एकदा तिने मला सांगितलं, काकू, दार लावताना काका जरा वर उचलून लावत असणार, बिजागरी तशी झिजलीय. ते खरं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

तोकिएने मान डोलावली. "बरं झालं सांगितलंस. आता बाकीच्यांची पोटदुखी बघू."

तेत्सुयाला तिने माझ्या दुकानात बोलावून चहा पाजला. तो आधी उडवाउडवी करत होता. मग म्हणाला की दादाने मरायच्या आधी गाडी त्याला द्यायला हवी होती. लहानपणापासून दादाला सगळं नवं मिळालं आणि त्याला दादाचं जुनं. एकच जुनी वस्तू त्याने मनापासून मागितली, तीही वहिनीकडे गेली. पण दार बिघडवून त्याचा काय फायदा? गाडी मोडीत निघावी अशी त्याची इच्छा नव्हती. ती त्याला हवी होती.

"त्या संध्याकाळी दाराला हात लावलात?"

"लावला. वाजवून बघितलं, पत्रा जाड आहे का."

चिनात्सुशी बोलायला आम्ही गॅरेजमध्येच गेलो. ती फोड आलेल्या दाराशेजारी उकिडवी बसली होती. डोक्याला रुमाल, हातात पातळ सुती हातमोजे. तिने सांगितलं की सकाळी कापड काढलं तेव्हा पत्रा चकचकीत दिसत होता. तिने तो थिनरने दोनदा पुसला आणि मगच रंग मारला.

"पाण्याने नाही?"

"उघड्या पत्र्याला पाणी कोण लावतं?"

तोकिए म्हणाली की तेल-चिकटा थिनरने निघतो, मीठ नाही निघत. मीठ पाण्यातच विरघळतं. कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडं केलं असतं तर फोड आले नसते. चिनात्सुने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण तिथे मीठ आहे हे मला कोण सांगणार?"

"रंग मारताना जवळ कोण होतं?"

"उस्ताद. मागे उभे होते."

"काही म्हणाले?"

"नाही. ते माझ्या कामाबद्दल कधीच काही म्हणत नाहीत."

४

तोकिएने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. कामादा आला नाही; तो ओगाला एका मित्राकडे होड्यांचे तळ खरवडायला गेलाय असं कळलं. बाकी आम्ही चौघं होतो. उस्ताद बाकावर बसले होते, नेहमीप्रमाणे जाड हातमोजे घालून, कामाचा एप्रन न घालता.

तोकिएने भंगारातल्या पत्र्याच्या पट्ट्या घासून लख्ख केल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात एकेक दिली आणि म्हणाली की मी बोलते तोवर ही तळहातात घट्ट धरून ठेवा. तेत्सुया हसला, पण त्याने धरली. चिनात्सुने हातमोजा काढून धरली. उस्तादांनी हातमोज्यानेच धरली. तोकिए त्यांना काही म्हणाली नाही.

मग ती म्हणाली, "आता एकेकाने या उजव्या दारावरून हात फिरवा. चांगलं झालंय का बघायचं असेल तर जसा फिरवाल तसा."

मी पुढे झाले आणि दाराच्या वरच्या कडेवरून पुढून मागे हात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा. तेत्सुयाने बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. चिनात्सुने बोटं दाराच्या लांबच्या टोकाला टेकवली आणि तिरपा हात आपल्याकडे ओढला. मग थोडं खाली सरकून पुन्हा तसाच. पत्रा कुठे उंच, कुठे खोल आहे हे हाताला आपल्याकडे ओढतानाच कळतं, असं तिने सांगितलं. हे उस्तादांनीच शिकवलं होतं.

"तुम्ही, उस्ताद?"

"माझी पाठ दुखते," ते म्हणाले.

पट्ट्या तोकिएने नावं घालून माझ्याच दुकानात, गंज लवकर उठावा म्हणून ओल्या कापडाजवळ ठेवल्या. सकाळी दुकान उघडलं आणि मी धावत तिकडे गेले. तेत्सुयाच्या पट्टीवर पुसटसे डाग होते. चिनात्सुची जवळजवळ स्वच्छ होती. उस्तादांचीही.

माझ्या पट्टीवर पूर्ण तळहात उमटला होता, तांबूस, एकेका बोटासकट.

५

"म्हणजे मी केलं?" मी तोकिएला विचारलं. मनात आलं, खरंच मी केलं असेन का? माझ्या हाताला मीठ होतं. माझ्या मनातही काही चांगलं नव्हतं.

तोकिएने मला बसवलं. माझ्याच बरणीतलं वांगं काढून चावलं.

"तुझा हात दाराच्या वरच्या कडेला लागला. तिथे फोड आहेत का?"

नव्हते. म्हणजे अगदी कडेला दोन होते, ते कुणी पाहिलेच नव्हते.

"ते तुझे. बाकीचे कुणाचे ते ऐक. मीठ टाकणारा माणूस मीठ टाकतो. शिंपडतो, ओततो, ओल्या फडक्याने फासतो. त्याचे ओघळ येतात, पट्टे येतात. इथे चार चार बोटांच्या रांगा आहेत. तिरप्या, आपल्याकडे ओढलेल्या. पुन्हा, पुन्हा, वरपासून खालपर्यंत, एक इंचही न सोडता. सेत्सुको, हा माणूस दार बिघडवायला आलाच नव्हता. तो दारात खोट शोधायला आला होता. आणि ती त्याला सापडत नव्हती, म्हणून तो शोधतच राहिला."

हात ओढून बघणारा म्हणजे पत्र्याच्या कामातला माणूस. मी आणि तेत्सुया सुटलो. राहिले तिघं.

"चिनात्सु स्वतःच्या कामात खोट शोधेल, पण हातमोजा घालून. शिवाय तिच्या हाताने पत्रा गंजत नाही, तो लहानही आहे. रांगांमधलं अंतर मोठ्या हाताचं आहे."

"मग कामादाच," मी म्हटलं. "लोक म्हणतात तेच खरं."

"बोटं बघ. करंगळीची रांग सगळ्यात आखूड असते. इथे ती डावीकडे आहे. हात पुढे टेकवून आपल्याकडे ओढला तर करंगळी डावीकडे येते ती डाव्या हाताची." तिने टेबलावर हात ओढून दाखवला. "कामादाच्या डाव्या हाताची करंगळी कुठे आहे?"

ती यंत्रात गेली होती, मधल्या पेरापासून. गावातली मुलं त्याला त्यावरून चिडवायची. त्याच्या डाव्या हाताच्या तीनच रांगा उठल्या असत्या.

मला एकच माणूस आठवत होता, ज्याचा उजवा हात थरथरतो म्हणून तो चहाचा पेलाही डाव्या हाताने धरतो.

"अजून एक गोष्ट बसत नाही," तोकिए म्हणाली. "त्याच्या हाताला मीठ कुठून आलं? ते मला ओगाला जाऊन विचारायचंय."

६

कामादा एका उलट्या होडीखाली बसून तळ खरवडत होता. आम्हाला बघून उठला, पण हात पुसले नाहीत. तोकिएने त्याला दाराबद्दल काही विचारलंच नाही. एवढंच विचारलं की उस्तादांच्या हातोड्यांचे लोखंडी गळे कापडाने का गुंडाळलेले असतात, आणि दुसऱ्या कुणाच्याच का नसतात.

त्याने हातातलं हत्यार वाळूवर ठेवलं.

"उस्तादांच्या हाताला गंज आहे," तो म्हणाला. "काही माणसांचा घामच तसा खारा असतो. ते उघड्या पत्र्याला शिवले की दोन-चार दिवसांत तिथे तांबडं उठतं. तरुणपणापासून. म्हणून ते जेवतानासुद्धा हातमोजे काढत नाहीत. मी त्यांच्याकडे आलो तेव्हा ते स्वतःच त्याची चेष्टा करायचे."

"म्हणजे फोड पाहिले त्याच क्षणी तुला कळलं."

"कळलं."

"मग आळ स्वतःवर का घेतलास? उस्तादांसाठी?"

कामादा हसला. ते हसणं बघवत नव्हतं.

"असं म्हणालात तर बरं वाटेल, नारिताबाई. पण तसं नाही. मी बोललो असतो तर तिचं नाव धुऊन निघालं असतं. अर्ध्या गावाला वाटतंय की तिला काम येत नाही. ते तसंच वाटत राहावं, असं मला वाटलं. त्यासाठी माझ्यावर आळ आला तरी चालेल, असंही वाटलं." तो खाली बसला. "माझी उमर त्या गॅरेजमध्ये गेली, सेत्सुकोताई. ते दार मी केलं असतं तर पुट्टी लागलीच असती. थोडी, पण लागलीच असती. हे मला ती पहिला ठोका मारायच्या आधीपासून माहीत होतं."

त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी माझ्या खिडकीच्या काचेत पाहिलेलं होतं.

परतीच्या वाटेवर तोकिए म्हणाली की आता एकाच घरी जायचं राहिलं.

७

हाताकेयामा उस्तादांनी स्वतः दार उघडलं. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. त्यांनी आमच्यासाठी चहा ओतला, डाव्या हाताने, हातमोजा घालूनच. तोकिएने त्यांच्यापुढे एक घासलेली पट्टी ठेवली.

"हातमोजा काढून धराल का, उस्ताद?"

मग त्यांनी हातमोजा काढला आणि गुडघ्यावर ठेवला. पट्टीला मात्र हात लावला नाही.

"कशाला उगाच," ते म्हणाले. "उद्यापर्यंत वाट कशाला बघायची. मीच सांगतो."

त्या संध्याकाळी पाठ दुखत नव्हती. कामादा आणि चिनात्सुचं भांडण ऐकवेना म्हणून ते निघून आले होते. मग मिरवणूक बघायला बाहेर पडले, तर वाटेत जो भेटेल तो एकच म्हणे. उस्ताद, पोरीने तुमच्यावर ताण केली म्हणतात. उस्ताद, असं दार तुम्हीसुद्धा कधी केलं नसेल. लोक कौतुकाने म्हणत होते, आणि ते हसून मान डोलावत होते. आपल्याच शिष्येचं कौतुक, डोलवायलाच हवी. मग पाय आपोआप गॅरेजकडे वळले. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होतीच.

"हातमोज्याने बघितलं. काही लागलं नाही. म्हटलं, कापडामुळे कळत नसेल. म्हणून काढला." त्यांनी आपला तळहात उलटा करून पाहिला. "सगळं दार बघितलं. पुन्हा बघितलं. एवढासा उंचवटा, एखादी खोलगट जागा, काहीतरी असणारच. कुणाच्याही कामात असतं. माझ्या कामात असायचं."

"मग पुसलं का नाहीत?" मी विचारलं. "तुम्हाला तुमचा हात माहीत होता."

"बादली भरून घेतली होती. फडकं हातात होतं. तेवढ्यात रस्त्याने तुम्ही दोघी गेलात. ती हसत होती, मोठ्याने. मिरवणुकीतल्या कशावर तरी हसत असेल, आता कळतं. तेव्हा वाटलं, माझ्यावर हसतेय. मी फडकं खाली ठेवलं. म्हटलं, सकाळी सांगेन तिला की आधी पाण्याने पुसून घे."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी तिच्या मागे उभा होतो. तिने रंगाची पिचकारी उचलली. एक शब्द बोलायचा होता." त्यांनी चहाचा पेला दूर सारला. "नाही बोललो. नंतर लोक कामादाला बोलले, तेव्हाही नाही बोललो. पहिल्यांदा गप्प बसायला जड गेलं. दुसऱ्यांदा तेवढं नाही."

त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला. मग ते म्हणाले की गॅरेज मी आजच बंद करतो, नुकसान भरून देतो, फक्त गावात हे सांगू नका.

तोकिए माझ्याकडे बघू लागली. गाडी माझी होती.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण गावाने कामादाचं आणि चिनात्सुचं नाव घेतलंय ते उघड्यावर घेतलंय. तुम्हीच सांगा, उस्ताद. उघड्यावर."

८

कामादाला मी निरोप पाठवला. येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, आणि चिनात्सुला काय म्हणाला ते मला माहीत नाही; दोघं गॅरेजच्या मागे गेली होती. परत आली तेव्हा ती रडलेली नव्हती, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. उस्तादांचं नाव तिला कळलं होतं. तिने दाराचा सगळा रंग खरवडून काढला. ती पत्रा ठोकून पुन्हा सपाट करत असताना कामादाने मागून आधाराला लोखंडी ठोकळा धरला. पत्रा कोमट पाण्याने धुतला, लगेच कोरडा केला, आणि आधी अस्तराचा, मग शेंदरी रंग चढला. दोघं कामापुरतंच बोलत होती. उस्ताद तिकडे फिरकले नाहीत.

मेळाव्याच्या दिवशी बंदरावर चांगलं ऊन होतं. गाडी मी तेत्सुयाला चालवायला दिली. तो एवढ्या हळू चालवत होता की मागच्या गाड्या थांबून राहिल्या. मी डाव्या बाजूला बसले होते. वाटेत तो म्हणाला, वहिनी, दादा अशीच चालवायचा का? मी म्हटलं, तुझ्याहून वाईट. तो रस्ताभर खूश होता.

बंदरावर लोक दाराभोवती जमले. मासळीवाल्याने उस्तादांना बघून हात जोडले आणि तो म्हणाला की जुनं ते सोनं, बिघडलेलं दार तुम्हीच सुधारलं असणार, जुना हात तो जुना हात.

उस्ताद पुढे आले. टोपी काढली.

"दार या मुलीने केलंय," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. मधे ते मी बिघडवलं. मला तिचा हेवा वाटला. कामादाने काही केलेलं नाही. तुम्ही त्याला बोलत होतात तेव्हा मी ऐकत होतो."

ते कमरेत वाकले, आधी कामादापुढे, मग चिनात्सुपुढे, आणि वाकलेलेच राहिले. मासळीवाला आपल्या बुटांकडे बघू लागला. मागे कुणाच्या तरी गाडीचं इंजिन चालू होतं, ते बंद झालं.

चिनात्सुने त्यांना उठा म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "उस्ताद, तुम्ही सगळं दार बघितलंत म्हणे."

"बघितलं."

"काही सापडलं?"

ते वाकूनच होते. "नाही," ते म्हणाले. "काहीसुद्धा नाही."

"हे मला त्या दिवशी सकाळी सांगायला हवं होतंत."

"हो."

तिने डोक्याचा रुमाल सोडून खिशात कोंबला आणि ती गर्दीतून धक्क्याच्या कडेला गेली. तिथे लोक निखाऱ्यांवर शिंपले भाजत होते. कामादा आधीच तिथे जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला होता. ती जवळ येऊन उभी राहिली. त्याने वर बघितलं नाही. थोड्या वेळाने तो बाकावर सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.